संगणकाला गांवची वेळ कशी कळते?

आतां घरोघर संगणक आहे, आणि संगणक नसला तरी खिशांत मोबाइल आहेच. त्याच्या कोपऱ्यांत वेळ दिसते. ती आपण विश्वासानें वाचतों आणि आपल्या कामाला लागतों. परंतु ती वेळ त्या यंत्राला कोणी सांगितली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा आहे असें समजूं नये. परदेशीं गेलेल्या मुलीशीं बोलण्याची वेळ, घरबसल्या द्यावयाच्या परीक्षेची वेळ, आजोबांच्या जन्मटिपणांत लिहिलेली वेळ, या सर्वांचा त्याच्याशीं निकट संबंध आहे. म्हणून आज त्याचाच थोडा विचार करूं.

संगणकाच्या पोटांत घड्याळ असतें, पण त्याला तास-मिनिटांचे काटे नसतात. बहुतेक प्रणाली केवळ एक मोठा आंकडा बाळगतात. १ जानेवारी १९७० या दिवसाच्या आरंभापासून, ग्रीनिचच्या मानानें, आजवर किती सेकंद उलटले, एवढाच तो आंकडा. एकाच क्षणीं तो आंकडा आपल्या नगर शहरांत जो असेल, तोच न्यूयॉर्कमध्यें आणि तोच टोकियोंत असतो. ही मोठी सोयीची गोष्ट आहे. कारण दोन यंत्रांना एकमेकांशीं व्यवहार करतांना वेळेचा वाद राहत नाहीं. परंतु माणसाला त्या आंकड्याचा उपयोग नाहीं. त्याला 'सकाळचे साडेसात' असें उत्तर हवें असतें. आणि आंकड्याचें असें रूपांतर करावयाचें तर यंत्राला आणखी एक गोष्ट ठाऊक असावी लागते. ती ही, कीं आपला धनी कोणत्या वेळेच्या मुलखांत बसला आहे.

कोणी म्हणेल, यांत अवघड तें काय? गांवाचें रेखावृत्त कळलें कीं वेळ गणितानें काढतां येईल. शाळेंत आपण सर्वच शिकलों आहों कीं पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटें लागतात. या हिशेबानें आपल्या जिल्ह्यांतच वेळेचा फरक पडतो. जामखेडच्या डोक्यावर सूर्य आला म्हणजे त्यानंतर सुमारें सहा मिनिटांनीं तो अकोले तालुक्याच्या सीमेवरील कळसूबाईच्या शिखरावर येतो. नगर शहर पाऊणेपंचाहत्तर अंशांच्या जवळ आहे. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरून धरलेली आहे. दोहोंत पाऊणेआठ अंशांचें अंतर. त्याचीं मिनिटें होतात एकतीस. म्हणून नगरला मध्यान्ह सरासरीनें बारा वाजून एकतीस मिनिटांनीं होतो, बाराला नव्हे.

परंतु श्रोतेहो, खरी गोष्ट अशी आहे कीं आपल्या घड्याळांतली वेळ सूर्यानें ठरविलेली नसून माणसांनीं ठरविलेली आहे. आणि माणसांनीं ठरविलेली गोष्ट गणितानें काढतां येत नाहीं, ती नोंदवूनच ठेवावी लागते. याचा उत्तम दाखला महाराष्ट्राच्याच इतिहासांत सांपडतो.

गेल्याच्या गेल्या शतकांत प्रत्येक मोठ्या शहराची स्वतःची वेळ होती. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या पुढें चार तास एकावन्न मिनिटें, तर मद्रासची पांच तास एकवीस मिनिटें. देशभर आगगाड्या पसरल्या तेव्हां त्यांना सर्वत्र एकच वेळ पाहिजे होती. म्हणून त्या मद्रासच्या वेळेनें धांवूं लागल्या. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू होऊन आपल्या नगरला आगगाडी आली. त्या काळीं मद्रास वेळेनें चालणारें घड्याळ नगरच्या सूर्यापेक्षां सुमारें बावीस मिनिटें पुढें असे. सूर्याच्या भरंवशावर निघालेल्या उतारूची गाडी चुकली असेल, तर त्यांत सूर्याचा दोष नव्हता.

१८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं सरकारी कामाकाजासाठीं मद्रासची वेळ लागू केली. मुंबईकरांस हें रुचलें नाहीं. एवढा विरोध झाला कीं १८८३ साली तो हुकूम मागें घ्यावा लागला. पुढें १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या पुढें साडेपांच तास ही भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. त्या वेळींही मुंबईंत सभा झाल्या, गिरणीकामगारांनीं निषेध केला, आणि महापालिकेनें आपलीं घड्याळें पुन्हा मुंबईच्याच वेळेला लाविलीं. एकाच शहरांत दोन वेळा, आणि दोहोंमध्यें एकोणचाळीस मिनिटांचें अंतर, अशी ही दुहेरी स्वातंत्र्याच्या काळापर्यंत चालली. आतां सांगा, कोणतें रेखावृत्त हा इतिहास सांगूं शकेल?

याच अडचणीवर उपाय म्हणून जगांतल्या संगणकांनीं एक सामाइक वही ठेविली आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकन गृहस्थांनीं गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत ती सुरू केली. पुढें पॉल एगर्ट यांनीं तिची जोपासना केली. आणि २०११ पासून ती आयाना या संस्थेच्या आश्रयाखालीं आहे. कोणत्या प्रदेशाचीं घड्याळें कोणत्या दिवशीं किती पुढें वा मागें सरकविलीं, याची तींत नोंद असते. ज्या प्रदेशांतील घड्याळें १९७० पासून आजवर एकमेकांशीं जुळून चाललीं, त्याचा एक कालविभाग मानतात, आणि त्याला खंडाचें व तेथील एखाद्या मोठ्या शहराचें नांव देतात. आपल्या सबंध भारताचा विभाग एकच. त्याचें नांव 'एशिया-कोलकाता'.

कोलकात्याचें नांव पाहून मुंबईकरानें किंवा नगरकरानें रागावूं नये. तो नुसता खुणेचा शब्द आहे. मात्र या नांवाचीही एक कथा आहे. आरंभीं तें 'एशिया-कॅलकटा' असें होतें. २००१ साली शहराचें नांव अधिकृतपणें कोलकाता झालें. कांहीं वर्षांनीं वहींतही तें बदललें. पण जुनें नांव खोडून टाकलें नाहीं. 'कॅलकटा म्हणजेच कोलकाता' अशी नोंद करून दोन्ही राखलीं. कारण जुन्या नांवावर विसंबलेलीं असंख्य यंत्रें एका रात्रींत अडून बसलीं असतीं. आपल्या जिल्ह्याला हा शहाणपणा लवकर पटेल. २०२४ साली अहमदनगरचें अहिल्यानगर झालें. परंतु जुन्या सनदा, सातबारे आणि शाळेचे दाखले हे जुन्याच नांवाचे आहेत. जो दफ्तरदार दोन्ही नांवें एकाच गांवाचीं म्हणून ओळखतो, त्याच्याच दफ्तरांत जुना कागद हरवत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. यंत्राला त्याचा कालविभाग विचारावयाचा कसा? आमच्या घरांतील तरुण मुलें आज्ञावली लिहितात. त्यांच्या भाषेंत थोडें सांगतों, पण सर्वांना समजेल असें.

पहिला मार्ग अंतर विचारण्याचा. पृष्ठें दाखविणाऱ्या ब्राउझरमध्यें जावास्क्रिप्ट नांवाची भाषा चालते. तींत 'डेट' या वस्तूला 'गेट टाइमझोन ऑफसेट' अशी आज्ञा केली म्हणजे भारतांतलें यंत्र 'उणें ३३०' असें उत्तर देतें. नवशिका येथें गोंधळतो. ३३० मिनिटें म्हणजे साडेपांच तास हें बरोबर. पण आपण ग्रीनिचच्या पुढें असतांना उणें कां? कारण असें, कीं ही आज्ञा 'आपण किती पुढें' हें न सांगतां 'ग्रीनिचला पोंचावयास आपल्या वेळेंत किती मिळवावें' हें सांगते. आणि साडेपांच तास वजा करावयाचे म्हणून चिन्ह उणें. दुसरी गोष्ट, उत्तर मिनिटांत येतें हें योग्यच आहे. अंतर नेहमीं पूर्ण तासांचें असतें असें जो धरून चालेल, त्याचा हिशेब भारतांत अर्ध्या तासानें चुकेल, आणि नेपाळांत, जेथें अंतर पांच तास पंचेचाळीस मिनिटें आहे, तेथें पाऊण तासानें चुकेल.

दुसरा मार्ग विभागाचें नांव विचारण्याचा. त्याच भाषेंत 'इंटल' नांवाचें भांडार आहे. त्यांतील 'डेट टाइम फॉरमॅट' या साधनाकडून 'रिझॉल्व्ड ऑप्शन्स' मागावे आणि त्यांतील 'टाइमझोन' हें घर वाचावें. तेथें विभागाचें नांव लिहिलेलें असतें. कांहीं ब्राउझर अद्यापि जुनें 'कॅलकटा' हेंच नांव सांगतात. तेव्हां तुलना करणाऱ्यानें दोन्ही नांवें एक मानावीं. लिनक्स प्रणालींत 'इटीसी' या कप्प्यांत 'लोकलटाइम' नांवाची फाइल असते. ती बहुधा त्या सामाइक वहीच्या एका पानाकडे बोट दाखविणारी खूण असते, आणि तें बोट कोठें वळलें आहे यावरून नांव कळतें. विंडोज प्रणालीचीं नांवें निराळीं. ती आपल्या विभागाला 'इंडिया स्टँडर्ड टाइम' म्हणते, म्हणून तेथें एका नांवावरून दुसऱ्या नांवावर जाणारा कोष्टक वापरावा लागतो. पायथन भाषेंत अंतर सहज मिळतें; पण विभागाचें वहींतलें नांव हवें असल्यास 'टीझेड लोकल' नांवाचें जोडसाधन बहुधा घ्यावें लागतें.

तिसरा एक मार्ग आहे, आणि तो टाळावा हें बरें. यंत्राकडून 'आयएसटी' अशीं तीन अक्षरें मिळवून कित्येक जण समाधान पावतात. पण हींच अक्षरें इस्रायलच्या वेळेलाही लावतात आणि आयर्लंडच्या उन्हाळी वेळेलाही लावतात. आद्याक्षरांवरून माणूस ओळखूं नये, तसा कालविभागही ओळखूं नये.

मग प्रश्न उरतो, अंतर विचारावें कीं नांव? येथेंच आजच्या विषयाचें सार आहे. अंतर हें एका क्षणाचें उत्तर आहे; नांव म्हणजे त्या मुलखाचा घड्याळी इतिहास आणि पुढचे ठरलेले नियमही. आज श्रीलंकेचें अंतर आपल्यासारखेंच साडेपांच तासांचें आहे. परंतु १९९६ साली त्या देशानें घड्याळें प्रथम एक तास पुढें नेलीं, मग त्याच वर्षीं अर्धा तास मागें घेतलीं, आणि २००६ च्या एप्रिलांत तो पुन्हा साडेपांचवर आला. 'साडेपांच' हें नुसतें उत्तर ज्याच्याजवळ आहे, त्याला कोलंबोंतला २००० सालचा कागद व नगरचा त्याच सालचा कागद यांतील फरक कळणार नाहीं.

पुढच्या काळाचेंही तसेंच. समजा, पाथर्डीची एक मुलगी न्यूयॉर्कला नांदते आहे, आणि दर रविवारीं आपल्या सायंकाळीं साडेसहाला आईशीं बोलण्याचा तिचा नेम आहे. उन्हाळ्यांत तेथें सकाळचे नऊ वाजलेले असतात, कारण अंतर साडेनऊ तासांचें असतें. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं अमेरिका घड्याळें एक तास मागें घेते. अंतर साडेदहा तासांचें होतें, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारीं पुनः साडेनऊवर येतें. ज्या आज्ञावलीनें 'साडेनऊ' हा आंकडा लिहून ठेविला, ती हिंवाळाभर आईला एक तास वाट पाहावयास लावील. जिनें 'अमेरिका-न्यूयॉर्क' हें नांव लिहून ठेविलें, ती वही उघडून पाहील व योग्य वेळीं घंटा वाजवील. एकटी बसलेली आई तासभर दूरध्वनीकडे पाहत राहते, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

मागच्या काळाचा एक दाखला तर थेट आपल्या घरांतला आहे. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानचीं घड्याळें एक तास पुढें नेलीं होतीं. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत आपली वेळ ग्रीनिचच्या पुढें साडेसहा तास होती. हा काळ नगरकरांस विसरतां येणार नाहीं. ऑगस्ट १९४२ मध्यें पंडित जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल आदि पुढाऱ्यांना पकडून आपल्या भुईकोट किल्ल्यांत आणलें. त्यानंतर सुमारें तीन आठवड्यांनीं देशाचीं घड्याळें पुढें सरकलीं. आणि १९४५ च्या मार्चमध्यें पंडितजींना तेथून हलविलें तेव्हांही तीं तशींच पुढें होतीं. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा त्यांचा ग्रंथ १९४४ साली या किल्ल्यांत लिहिला गेला, तो या युद्धवेळेच्याच काळांत.

आतां असें समजा, कीं एखाद्या घरच्या जुन्या वहींत लिहिलें आहे: 'जन्म नगर, १० जानेवारी १९४३, रविवार, सकाळीं सात वाजून पंधरा मिनिटें.' आजची पद्धत धरून कोणी म्हणेल, जानेवारींत नगरला सात वाजून गेल्यावर लवकरच सूर्य उगवतो, म्हणजे हें मूल सूर्योदयानंतरचें. परंतु तें घड्याळ युद्धवेळेचें असेल, तर आपल्या आजच्या हिशेबानें ते सव्वासहाच होते. सूर्य उगवावयास जवळजवळ एक तास अवकाश होता. पंचांगाप्रमाणें वार सूर्योदयापासून बदलतो. तेव्हां तें मूल रविवारचें नसून शनिवारचें ठरतें. पत्रिकेवर ज्याचा विश्वास आहे त्याला याचें महत्त्व सांगावयास नको; ज्याचा नाहीं त्यानेंही आजोबांच्या जन्माचा क्षण खरा लिहावा एवढी अपेक्षा ठेवण्यास हरकत नाहीं. येथें संगणकाला नुसतें 'साडेपांच तास' सांगितलें तर तो निमूटपणें चुकीचें उत्तर देईल. 'एशिया-कोलकाता' सांगितलें तर तो वहींत १९४३ चें पान काढील आणि साडेसहा तास धरील.

मात्र यंत्राची वहीही सर्वज्ञ नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. एका विभागाला एकच पान, असा तिचा नियम असल्यामुळें मुंबईची जुनी वेळ तिच्या हिशेबांत धरली जात नाहीं. १९३० सालच्या मुंबईंतल्या जन्माची वेळ तिला विचारली तर ती साडेपांच तास सांगेल. पण ज्या घरांत घड्याळ मुंबई वेळेनें चालत होतें, तेथें एकोणचाळीस मिनिटांचा फरक राहीलच. तेथें यंत्राला न विचारतां घरच्या वडिलांना विचारावें, कीं तें घड्याळ कोणत्या वेळेनें लावीत असत.

दुसरी सावधगिरी अशी. आज्ञावली कोणत्या यंत्रावर चालते आहे हें प्रथम पाहावें. आपण पुष्कळदां जो मजकूर वाचतों तो दूरच्या एखाद्या मोठ्या यंत्रावर तयार होतो, आणि अशीं यंत्रें बहुधा ग्रीनिचच्या मानाच्या जागतिक वेळेवरच लावलेलीं असतात. त्याला 'तुझी स्थानिक वेळ कोणती' असें विचारलें तर तें आपली सांगेल, वाचकाची नव्हे. वाचकाची हवी असेल तर प्रश्न वाचकाच्या हातांतल्या यंत्राला करावा, आणि शक्य तेथें स्वतः वाचकालाही विचारावें. कारण प्रवासांत असलेल्या माणसाचा मोबाइल त्या परक्या गांवची वेळ सांगतो, आणि त्याला मात्र कदाचित् घरची वेळ हवी असते.

सारांश, झालेल्या गोष्टीचा क्षण जागतिक वेळेनें नोंदवून ठेवावा, त्याबरोबर विभागाचें नांव लिहावें, आणि माणसाला दाखवितांना त्याच्या गांवच्या वेळेनें दाखवावा. पुढें ठरविलेली भेट असेल, तर गांवची वेळ आणि विभागाचें नांव हींच मुख्य धरावीं. कारण मधल्या काळांत एखादें सरकार घड्याळ हलविणार नाहीं, याची हमी कोणी द्यावी? हा नियम आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठीं आहे तसा आपल्या सर्वांसाठींही आहे. परगांवीं पत्र लिहितांना किंवा घरच्या वहींत जन्ममृत्यूची नोंद करतांना वेळेपुढें गांवाचें नांव लिहावयास एक क्षण पुरतो. तेवढ्या एका शब्दामुळें पुढच्या पिढीला त्या वेळेचा अर्थ बरोबर लागेल.